बाणांची भिंत

माझ्या हातून रंगमंचावर किती माणसं मेली याची मोजदाद मी ठेवलेली नाही. गळफासाने मेली, विषाने मेली, वीज पडून मेली, सापाने मेली. एकाला रानडुकराने मारलं. पडदा पडल्यावर सगळी उठली आणि चहा प्यायला गेली. पण एवढ्या वर्षांत मला एक खोड जडली आहे. पडदा पडला की टाळ्यांकडे माझं लक्ष नसतं. मी आधी मेलेल्या माणसाकडे बघतो. तो कुशीवर वळून हाताने धूळ झटकेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर येत नाही.

मी झाडीपट्टीच्या, म्हणजे नागपूरच्या पलीकडच्या भातशेती-जंगलाच्या पट्ट्यातल्या, नाटकांत ट्रिकसीन करतो; रंगमंचावरच्या आगी, वाघ आणि मरणं मी घडवतो. वडशाला राहतो. बाहेरच्या वाचकांना आमचा हा धंदा ठाऊक नसेल, म्हणून थोडं सांगतो. भात कापून झालं, शेतं मोकळी झाली की आमच्याकडे दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी नाटक असतं. मंडईची जत्रा असो की शंकरपटाची बैलशर्यत, त्या दिवशी गावात नाटक हवंच. गावाचं मंडळ नाटक ठरवतं, घरोघरी लेकी-जावई येतात, सोयरिकी जुळतात. बांधीतली, म्हणजे भातखाचरातली, माती उकरून बसायला उतार करतात आणि त्याच मातीचा रंगमंच उचलतात. जेवणं आटोपली की नाटक सुरू होतं आणि तांबडं फुटल्यावर संपतं. अंधारात जंगलातून घरी कोण जाणार? आता तर वाघ वाढले आहेत. नाटक मध्यरात्री संपवलं तर प्रेक्षकच आम्हाला धरून ठेवतील.

यात एक गोष्ट शहरातल्या माणसाला पटत नाही. आमच्याकडे तालीम नसते. मोठा नट आज कुरखेड्याला, उद्या सिंदेवाहीला, परवा तिसऱ्याच कंपनीत असतो. गाडीतून उतरतो, तोंडाला रंग लावतो आणि उभा राहतो. विंगेत प्रॉम्टर अख्खं नाटक वाचत असतो. त्याचा शब्द नटाच्या कानात पडतो आणि तोंडातून बाहेर येताना त्यात जीव आलेला असतो. हे काम सोपं नाही. मी जवळून पाहिलं आहे.

शब्द असे कानातून देता येतात. ट्रिकसीन तसा देता येत नाही. नट कुठे उभा राहील, कधी वळेल, हे ठरलेलं नसेल तर आग आणि लोखंड घेऊन मागे बसलेल्या माणसाने काय करावं? माझं अर्धं आयुष्य या एका प्रश्नात गेलं.

गिऱ्हाइकं तर एकेक असतात. जिवतीकडच्या एका मंडळाला देवी मोहाच्या झाडावरून उतरलेली हवी होती. मी म्हटलं, दोर तुटला तर? अध्यक्ष म्हणाले, देवी आहे, तिला काय होते! मोहर्लीच्या मंडळाला वाघ हवा होता. मी गोणपाटाचा वाघ केला, शेपटीला तार लावली. फार मेहनत घेतली होती. पण मोहर्लीत समोर बसलेले निम्मे लोक व्याघ्रसफारीचे गाइड आणि जिप्सी गाड्या चालवणारे. वाघ आला तसा एकजण बसल्या जागेवरून ओरडला, "कोणती वाघीण होय गा हे? पट्टे कोणाचे लावले?" दुसरा म्हणाला, "गाडी मागं घे, मेटिंगच्या मूडमध्ये दिसते." पुढचा अर्धा तास कोणी नाटक ऐकलं नाही. दुसऱ्या वर्षी त्याच गावाने परत वाघ मागितला. या खेपेला मी वाघ नेलाच नाही. सगळे दिवे विझवले आणि विंगेच्या काळोखात दोन लहान पिवळे बल्ब लावले, जमिनीपासून मांडीएवढ्या उंचीवर. ते एकदा मिटले, परत उघडले. त्या गाइडांमधून हूं की चूं नाही. त्या रात्री मी काही शिकलो, पण ते मला पुरतं कळायला पुढची बरीच वर्षं जावी लागली.

आता मधुकरभाऊंबद्दल सांगतो. आमच्या पट्ट्यातला मोठा नट. उंच, पडका खांदा, आवाज असा की ध्वनिक्षेपक बंद पडला तर मागच्या रांगेला कळणारही नाही. वयाने माझ्यापेक्षा चार-सहा वर्षांनी वडील. एका पौराणिक नाटकात देव प्रकट होताना मी पोटॅश-गंधकाचा भडका उडवायचो. पत्र्याच्या झाकणात दारू, खालून बॅटरीची तार. मधुकरभाऊ एका रात्री नेहमीपेक्षा झाकणाच्या जवळ उभे राहिले. भडका झाला तेव्हा त्यांचा डावा हात कोपरापर्यंत भाजला आणि कानाची पाळ सोलली. त्यांनी प्रवेश पुरा केला. नंतर मी त्यांच्यासोबत दवाखान्यात बसलो. सगळे मला म्हणाले, तो जागेवर उभा नव्हता, तुझी काय चूक? मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. ते तालीम करत नाहीत हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी दारू भरली.

मधुकरभाऊ मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर एवढंच झालं की नाटक सुरू होण्याआधी ते विंगेत नजर फिरवायचे. मी कुठे आहे ते बघायचे आणि त्या बाजूला कमी जायचे. प्रेक्षकाला कळत नसे. मला कळत असे. उन्हाळ्यातसुद्धा ते पूर्ण बाहीचा सदरा घालतात. समोर आले की माझे डोळे आधी त्यांच्या डाव्या बाहीकडे जातात, मग चेहऱ्याकडे.

असं असताना शेषरावजींनी तो सिनेमा पाहिला. शेषरावजी आमच्या कंपनीचे मालक आणि दिग्दर्शक. नागपुरात कुठल्याशा फिल्म क्लबात त्यांनी एक जुना जपानी सिनेमा पाहिला आणि रात्रीच्या गाडीने परत येऊन सरळ माझ्या दारात उभे राहिले. सिनेमाचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही, म्हणून लिहीत नाही. काळा-पांढरा आहे. तलवारी, चिलखतं, घोडे आणि धुकं. मूळ विलायतेतलं एक शोकांत नाटक, त्यावरून जपान्यांनी सिनेमा काढला. शेषरावजींचं म्हणणं होतं, आता आपण त्या सिनेमावरून परत नाटक करू. लेकरू फिरून फिरून घरी येईल.

गोष्ट अशी. एक शूर सरदार लढाई जिंकून जंगलातून परत येतो. जंगलात एक म्हातारी भेटते. ती म्हणते, तू गडाचा मालक होशील. तो हसण्यावारी नेतो. पण बायको नेत नाही. ती त्याच्या मागे लागते, आणि तो झोपलेल्या धन्याला मारून गडावर बसतो. मग त्याची झोप जाते, बायकोचं डोकं फिरतं. म्हातारी दुसऱ्यांदा सांगते, जंगल चालत गडापाशी आल्याशिवाय तुझी हार नाही. जंगल कधी चालतं का? पण एका सकाळी धुक्यातून खरंच जंगल चालत येतं. शत्रूचे सैनिक झाडांच्या फांद्या धरून येत असतात. ते पाहून सरदाराचे स्वतःचेच तिरंदाज उलटतात आणि त्याला गडाच्या लाकडी भिंतीपुढे बाणांनी टिपतात.

माझी मुलगी पल्लवी नागपुरात शिकत होती. तिने तो सिनेमा मला संगणकावर लावून दिला, नंतर पेनड्राइव्हमध्ये घालून घरी पाठवला. बाकी सिनेमा मी एकदा पाहिला. शेवटचा प्रवेश किती वेळा पाहिला ते माझी बायको कुंदा सांगेल. बाण येतात, आजूबाजूच्या फळ्यांत घुसतात. तो पळतो, बाण त्याची वाट अडवतात. मी थांबवायचो, मागे न्यायचो, परत लावायचो. दोन दिवसांनी कुंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्या माणसाले मरू द्या ना जी एकदाचं. सारखं सारखं काऊन मारून राह्यले?"

मी तिला म्हटलं, ट्रिक शोधतो आहे. ट्रिक सापडत नव्हती. मग पल्लवीने फोनवर सांगितलं, कोणी म्हणतात की त्यातले पुष्कळ बाण खरे होते, कसलेल्या तिरंदाजांनी सोडलेले, आणि नटाच्या चेहऱ्यावरची भीतीही खरी होती. ते ऐकून मी संगणक बंद केला. त्या नटाची छाती मोठी. पण मागे उभा राहणारा माणूस मी असतो तर मला जेवण गेलं नसतं. समोरच्याला खरं वाटावं आणि आतल्याला भीती नसावी, हाच माझा धंदा. आतलाही घाबरला तर मग मी कशाला हवा?

शेषरावजींना ते पटलं नाही. "पब्लिकले तोच घाबरलेला चेहरा पाहिजे," ते म्हणाले. आणि तसा चेहरा आणणारा पट्ट्यात एकच नट होता.

ते मधुकरभाऊंकडे गेले तेव्हा मी बाहेर मोटारसायकलपाशी थांबलो होतो. आतलं सगळं ऐकू येत होतं. भाऊंनी गोष्ट ऐकली, खूश झाले. मग विचारलं, "बाण कोण सोडते?"

"वासुभाऊ," शेषरावजी म्हणाले. वासुभाऊ म्हणजे मी.

बराच वेळ आतून सुपारी कातरण्याचा आवाज येत राहिला. मग भाऊ म्हणाले, "कराचं. पण मी भिंतीपासून हातभर लांब उभा राहीन. आन् तालीम नाई."

शेषरावजी बाहेर येऊन माझ्यावर चिडले. हातभर लांब उभ्या माणसाच्या मागे बाण लागले तर कोणाला काय वाटणार? मी म्हटलं, राहू द्या. जिथे उभे राहायचं म्हणतील तिथे राहू द्या. मला ते हातभर अंतर मान्य होतं. ते माझ्याच हाताने पडलेलं अंतर होतं.

भिंत मी पावसाळ्यात केली. प्लायवूडच्या उभ्या फळ्या, काळ्या-तपकिरी रंगाच्या, गडाच्या भिंतीसारख्या. फळ्यांच्या सांध्यांत खाचा, मधोमध एका माणसाएवढी जागा सोडून. प्रत्येक खाचेत बांबूच्या काडीचा बाण फळीलगत झोपवलेला, शेपटाला कोंबडीची पिसं. बुडाशी उंदीर मारायच्या चापाची स्प्रिंग. खिटी ओढली की बाण खटकन उभा राहतो. समोरून पाहणाऱ्याला तो उभा राहताना दिसत नाही, येऊन घुसलेला दिसतो. डोळा मधली जागा स्वतःच भरून काढतो. वडशाच्या हार्डवेअरवाल्याकडचे सगळे चाप मी उचलले. त्याने विचारलं, घरी एवढे उंदीर झाले का? खिट्यांना सायकलच्या ब्रेकच्या तारा बांधल्या आणि मागे एका चौकटीवर ब्रेकच्या मुठी रांगेने बसवल्या. पेटीवाला सूर दाबतो तसा मी मूठ दाबणार. बाण सुटल्याचा आवाज हवा म्हणून गादी पिंजणाऱ्याची कमान तबलजीच्या हाती दिली. ती झणाणते तशी भिंतीवर बाण उभा राहतो.

सरदार भिंतीपुढे नेमका कुठे असेल हे मला आधी कळणार नव्हतं. म्हणून मी उलटं केलं. फळ्यांत बारीक फटी ठेवल्या. मी मागून नटाला पाहीन, तो जाईल तिकडे जाऊ देईन, आणि तो जिथे नाही तिथलीच मूठ दाबीन. शब्दांचा प्रॉम्टर नटाच्या पुढे एक पाऊल चालतो. मी एक पाऊल मागे चालायचं ठरवलं.

पहिली चाचणी अंगणात घेतली. मुठी कुंदाच्या हातात दिल्या आणि भिंतीपुढे मी उभा राहिलो. शेजारपाजारचे कुंपणाशी जमले. कुंदाने दोन-तीन मुठी दाबून अंदाज घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आता काढू का जी इतक्या वर्षांची कसर?" लोक हसले. तिसरा की चौथा बाण माझ्या गालाच्या हाडावर बसला. खूण अजून आहे. त्या रात्री बसून मी प्रत्येक बाणाच्या पिसांकडच्या टोकाला जुन्या रबरी चपलेचा तुकडा लावला आणि सगळ्या स्प्रिंगा एक वेढा सैल केल्या. नंतर परत भिंतीपुढे उभा राहिलो. मग बाण लागला तरी चिमटा काढल्याएवढंच लागायचं. मधुकरभाऊंना मी हे बोलून दाखवलं नाही. माझ्या बोलण्यावर त्यांनी का विश्वास ठेवावा?

पहिला प्रयोग कुरखेड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात लागला. नाटकाचं नाव 'जंगल आलं दारात'. दुपारी भिंत उभी केली. भाऊ संध्याकाळी आले, दुसऱ्या गावचा रंग कानामागे तसाच होता. मी त्यांना एवढंच सांगितलं, "भाऊ, तुमी कुठीबी जा. तुमी असान तिथी बाण सुटणार नाई." त्यांनी मान डोलावली. भिंतीच्या मागे येऊन यंत्र पाहिलं नाही. पुढूनच, लांबून एकदा पाहिलं.

जपान्यांनी जे केलं नसतं तेही आम्ही केलं होतं. आमच्याकडे विनोदी जोडीशिवाय नाटक उभं राहत नाही, म्हणून गडाचा चौकीदार आणि त्याची बायको होती. गाणी होती. सरदाराच्या बायकोचं काम निर्मलाबाई करायच्या. त्या धन्याला मारायला नवऱ्याला चिथवू लागल्या तसं बायकांच्या बाजूने कोणीतरी म्हणालं, "या बयेनं घर बुडवलं वो." पुढे त्यांना वेड लागून त्या हात धुऊ लागल्या, धुतच राहिल्या, तेव्हा त्याच बायका पदराने डोळे पुसत होत्या. मध्ये मध्ये बक्षिसं जाहीर होत होती. आमच्याकडे प्रवेश चालू असताना बक्षीस येतं आणि नटाला भूमिकेतून अर्धं बाहेर येऊन हात जोडावे लागतात. सरदार खून करून रक्ताळलेल्या हातांनी नमस्कार करून गेला.

चालत्या जंगलाची मला धास्ती होती. गावातल्या मंडळींनीच पळसाच्या आणि सागाच्या डहाळ्या आणल्या होत्या. समोर बसलेले सगळे जंगलात राहणारे. मोहफूल, तेंदू, सरपण, सगळं तिथून आणणारे. धूर सोडला, त्यातून डहाळ्या हलत पुढे आल्या, आणि एकजण म्हणाला, "पळा गा, फॉरेस्टवाले येऊन राह्यले." मोठा हशा झाला. पण सरदार हसला नाही. मधुकरभाऊ त्या जंगलाकडे पाठ न वळवता एकेक पाऊल मागे सरकत होते. हळूहळू हशा विरला. डहाळ्या जवळ येत होत्या, पानं एकमेकांना घासल्याचा आवाज तेवढा होता. आपल्या घरामागचं रानच चालत येत असल्यासारखे लोक मान पुढे काढून बघत होते.

तोवर पूर्वेला फटफटायला लागलं होतं. मी मुठींवर बोटं ठेवली.

पहिली कमान झणाणली. मी डावीकडची मूठ दाबली. बाण उभा राहिला आणि भाऊ दचकले. खरंच दचकले. ते बाणाकडे वळले तेव्हा मला फटीतून त्यांचा चेहरा दिसला आणि तो सरदाराचा नव्हता. तो दवाखान्यातला चेहरा होता. दुसरा बाण, तिसरा. भाऊ भिंतीपासून हातभर लांबच होते, पण प्रत्येक खटक्याला आणखी पुढे सरकत होते. डावा हात त्यांनी पोटाशी घट्ट धरला होता. समोर लोक श्वास रोखून बघत होते. शेवटचा बाण त्यांच्या अंगरख्यात छातीवर होता आणि त्याची कळ त्यांच्याच हातात. माझे अजून पुष्कळ बाण बाकी असताना त्यांनी ती कळ दाबली. छातीवर बाण उभा राहिला. ते कोसळले. मी उरलेल्या सगळ्या मुठी एकदम दाबल्या, भिंतभर बाण उठले आणि पडदा पडला.

बाहेर काय चाललं आहे ते मला कळत नव्हतं. मी भाऊंकडे पाहत होतो. ते उताणे पडले होते आणि उठत नव्हते. मग डावा हात हलला. त्यांनी कपाळ पुसलं.

बाहेर टाळ्या होत्या, शिट्ट्या होत्या, आणि त्यांच्या वर एक आवाज चढत चालला होता. वन्स मोअर.

आमच्याकडे गाण्याला वन्स मोअर मिळतो, नाचाला मिळतो. मरणाला मिळालेला मी तोवर पाहिला नव्हता. मंडळाचे अध्यक्ष धावत आत आले. पाहुणे-रावळे समोर आहेत, लोक ऐकत नाहीत, एकदा होऊन जाऊ द्या, म्हणाले. शेषरावजींचा चेहरा उजळला होता. त्यांना सिनेमातली ती भीती मिळाली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकाराची मान हलवली. प्रत्येक बाण हाताने झोपवायचा, स्प्रिंग ताणायची, खिटी लावायची. दुपार झाली असती.

तेव्हा मधुकरभाऊ भिंतीच्या मागे आले. पहिल्यांदाच आले. छातीवरचा बाण तसाच उभा होता. त्यांनी ब्रेकच्या मुठी पाहिल्या, तारा पाहिल्या. फळीच्या कडेवरून पुढे हात घालून एका बाणाचं पिसांकडचं टोक चाचपलं. तिथला रबराचा तुकडा त्यांनी बोटाने दाबून पाहिला. मग माझ्या गालाकडे पाहिलं.

"हे कशानं झालं?" त्यांनी विचारलं.

"यानंच," मी म्हटलं. "कुंदानं सोडला."

ते हसले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "मी भेलो गा मघाशी. लोकायले वाटलं ॲक्टिंग होय." आणि थोडं थांबून, "त्याले वन्स मोअर मागून राह्यले."

मी म्हटलं, "भाऊ, आता बाण नाई. सारे सुटले."

"तू हायेस ना मागं?"

"हावो."

"मंग वाजव तू. मी आइकतो."

त्यांनी छातीवरचा बाण झोपवून अंगरख्यात खोवला आणि पुढे गेले. पडदा उघडला. आता चांगलंच उजाडलं होतं. दिव्यांना तेज उरलं नव्हतं. बाण आधीच भिंतीत उभे होते. पुढच्या रांगेतल्या माणसाला चापाच्या स्प्रिंगासुद्धा दिसत असतील. लपवायला माझ्याकडे काहीही उरलं नव्हतं. मी हातोडी उलटी धरली आणि तिचा लाकडी दांडा एका बाणाच्या मागच्या फळीवर मारला.

ठक्.

उभा असलेला बाण थरथरला. नुकताच येऊन घुसलेला बाण थरथरतो तसा. मधुकरभाऊंनी मान सावकाश त्या बाजूला वळवली आणि त्याच्याकडे पाहिलं. दचकले नाहीत. आपल्या माणसाने पाठवलेला बाण ओळखावा तसं त्याच्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या बाजूला दांडा मारला. ते तिकडे वळले. आता मी त्यांच्या मागे चालत नव्हतो आणि तेही माझ्या मागे चालत नव्हते. तबलजीने कमान खाली ठेवली होती. कोंबडे आरवत होते आणि माझा दांडा वाजत होता, एवढंच. हाच माणूस मघाशी भीतीने पुढे पळत होता. आता तो एकेक ठोक्याला एकेक पाऊल मागे येत होता. पुढून जंगल आणि मागे स्वतःच बळकावलेला गड. जायला दुसरी जागा नाही, हे त्याला समजलं होतं.

मग फट काळी झाली. मला दिसेना. काय झालं ते कळायला एक क्षण लागला. फळी माझ्याकडे झुकली होती. मधुकरभाऊ भिंतीला पाठ लावून उभे होते. बाणांच्या मधोमध, जिथे मी एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी ठेवली होती, नेमके तिथे. हातभर अंतर उरलं नव्हतं. त्यांचा श्वास मला प्लायवूडमधून कळत होता.

मी दांडा खाली ठेवला आणि त्यांच्या डाव्या हाताशेजारच्या फळीवर बोटाच्या पेराने हलकेच वाजवलं. बाण नुसता शहारला असेल. ते हलले नाहीत. उजव्या बाजूला वाजवलं. मग मी थांबलो. त्यांनीही घाई केली नाही. फार वेळ काही झालं नाही आणि समोरून खोकल्याचाही आवाज आला नाही. मग कळीचा बारीक खटका ऐकू आला. फळी सरळ झाली आणि फटीतून उजेड आत आला.

या वेळी टाळ्या उशिरा आल्या. भाऊ पडल्या पडल्याच माझ्या फटीकडे पाहून हसले, म्हणून मला त्या ऐकू आल्या.

नंतर सामान उतरवताना गावातली चार माणसं भिंत बघायला आली. बाण हलवून पाहिले, स्प्रिंगा पाहिल्या. त्यातले एक म्हातारे, डोक्याला फडकं गुंडाळलेले, मला म्हणाले, "पहिल्या डावाले खोटे बाण मारले तुमी. दुसऱ्या डावाले खरे मारले, नाई का?" मी हो म्हटलं. हे खोटं बोलल्याचं मला वाईट वाटलेलं नाही. एरवी मला कशाचंही वाईट वाटतं.

शेषरावजी आजही म्हणतात, पहिला डाव सिनेमातल्यासारखा होता. होता. ती खरी भीती होती आणि ती माझ्यामुळे होती. दुसऱ्या डावात भीती नव्हती, नट होता. मला विचाराल तर जपान्यांच्या तोडीचा नट त्या सकाळी कुरखेड्याच्या पुढे एका बांधीत उभा होता आणि त्याच्या पाठीशी मी होतो. हे मी अभिमानानेच लिहितो आहे.

आता नागपूरहून मोठे एलईडी पडदे भाड्याने मिळतात, त्यांवर आग, पूर, वाघ सगळं दिसतं. मंडळं तेच मागतात. माझी बरीचशी ट्रिकसीनं अडगळीत पडली आहेत आणि पोटॅश-गंधकाला तर त्या भडक्यानंतर मी हात लावलेला नाही. पण 'जंगल आलं दारात' दरवर्षी लागतं आणि भिंत ट्रकमधून गावोगाव जाते. पहिल्या डावात बाण सुटतात, दुसऱ्या डावात वाजतात. वन्स मोअर मागितला नाही असं गाव मला अजून भेटलेलं नाही. भिंतीच्या स्प्रिंगा मी बदलल्या, तारा बदलल्या, पिसं बदलली, दोनदा रंग दिला. मधली एक फळी इतक्या वर्षांच्या सकाळी भाऊंची पाठ टेकून टेकून माझ्या बाजूला पोक काढून आली आहे. कुंदा म्हणते, वाकडी दिसते, बदलून टाका. ती फळी मी बदललेली नाही.